२४ अंशांवरची सोलकढी

दिवाळे, सारसोळे, करावे, वाशीगाव. १९७० नंतर सिडकोने भोवती शहर उभारलं, तरी नवी मुंबईच्या या आगरी-कोळी गावांत नारळाचा मान ढळला नाही. नारळी पौर्णिमेला एक नारळ दर्याला जातो. स्वयंपाकघराला मात्र तो बारा महिने लागतो. इथल्या मासळीच्या खानावळीत जेवण संपत आलं की सोलकढीची वाटी पुढे येते आणि बहुतेक जण ती दोन घोटांत रिकामी करतात. ती सावकाश प्यावी, कारण तिचं सगळं कसब एका अवघड स्निग्धाला सांभाळण्यात आहे.

ओल्या खोबऱ्याच्या वजनाचा जवळजवळ तिसरा हिस्सा स्निग्ध असतो. त्यातलं निम्मं लॉरिक आम्ल, म्हणजे बारा कार्बनांची साखळी. आठ आणि दहा कार्बनांची कॅप्रिलिक व कॅप्रिक आम्लं मिळून आणखी सातवा हिस्सा. अशा मध्यम लांबीच्या साखळ्या शेंगदाणा, तीळ, करडईच्या तेलात जवळपास नसतातच. लोणी-तुपात थोड्या सापडतात, शेळीच्या दुधात गाईच्या दुधापेक्षा बऱ्याच जास्त. पण खोबऱ्याची बरोबरी करतात ती पामच्या बियांच्या तेलासारखी मोजकीच तेलं. साखळ्या आखूड, म्हणून संपृक्त असूनही खोबरेल २४ अंशांच्या आसपासच विरघळतं. जानेवारीच्या पहाटे बाटलीत ते थिजून पांढरं होतं आणि ऊन वर आलं की पुन्हा पातळ.

आता कढी करणारीचा हात पाहा. विळीच्या खवणीवर ती नारळ अशा बेताने खवते की करवंटीलगतचा तपकिरी पापुद्रा चवात येत नाही. तो आला की रस मळकट दिसतो. वाटताना ती कोमट पाणी घालते. गार पाण्यात स्निग्ध थिजून चोथ्यातच अडकतं, कोमट पाण्यात ते मोकळं होऊन पिळताना रसाबरोबर उतरतं. पहिला रस दाट, दुसरा पातळ. दोन्ही फडक्यातून गाळून एकत्र केले की जिभेला कणही लागत नाही. तापमापी न लावता साधलेला हा अंदाज मला फार मोलाचा वाटतो.

कोकमाचं आगळ मात्र शेवटी, थोडं थोडं, ढवळत. रसातली प्रथिनं स्निग्धाचे बारीक थेंब धरून ठेवतात आणि आंबटपणा वाढला की तीच गोळा होऊ लागतात. म्हणून ही कढी असूनही चुलीवर चढत नाही. आंबटाच्या जोडीला उष्णता आली की ती फुटलीच. चांगल्या कढीचा गुलाबी रंग पेल्यात वरपासून तळापर्यंत एकसारखा असतो. बाजारातल्या भडक गुलाबीपेक्षा मला हा किंचित जांभळट, दुधाळ रंग जास्त आवडतो. त्यात रंगाची भर नसते, कोकमाचीच लाली खोबऱ्याच्या पांढऱ्यात उतरलेली असते.

लसूण आणि हिरवी मिरची ठेचूनच हवी. त्यांचा उग्रपणा बराचसा स्निग्धात मुरतो, म्हणून पहिला घोट सौम्य लागतो आणि तिखट घशाशी, मागाहून येतं. काही घरांत वरून फोडणी देतात. माझ्या मते त्याने कच्च्या रसाचा गोडवा झाकला जातो.

आठ-दहा कार्बनांच्या साखळ्या आतड्यातून थेट यकृताकडे जातात, हे खरं. लॉरिक मात्र बहुतांशी लांब साखळ्यांच्याच वाटेने, लसिकेतून जातं. तेव्हा ‘एमसीटी’, म्हणजे मध्यम साखळ्यांच्या तेलाच्या बाटलीवरची आश्वासनं या वाटीला चिकटवू नयेत. तिला त्यांची गरजही नाही.

वाढायची ती माठातल्या पाण्याइतकी गार. फ्रीजमध्ये तासन्‌तास राहिली की स्निग्ध थिजतं आणि टाळूला मेणासारखे कण लागतात. बेताची गार असली तर तोंडाच्या उबेने ते लगेच विरघळतं आणि माशाच्या तिखटाने पोळलेली जीभ निवते. उरलीच तर त्याच रात्री भातावर घ्यावी. दुसऱ्या दिवशी वर साय, खाली पाणी आणि लसूण कडवट.