तिलिस्माचा कायदा

जादूच्या गोष्टीत वाट्टेल ते घडते, असा समज आपल्याकडे चांगल्या शिकलेल्यांतही आहे. म्हणून ती पोरखेळ ठरते. ज्यांनी ‘तिलिस्म-ए-होशरुबा’ची शंभरेक पाने वाचली असतील, त्यांना हे पटणार नाही. तिथली जादू कायद्याने चालते, आणि तो कायदा फार कडक आहे.

लखनौच्या मुन्शी नवलकिशोर छापखान्याने १८८३ पासून ही दास्तान सात जिल्दींत छापली. पहिल्या चार जिल्दी मुहम्मद हुसैन जाह यांच्या, उरलेल्या अहमद हुसैन कमर यांच्या. ‘दास्तान-ए-अमीर हमजा’च्या ४६ जिल्दींतला हा एक भाग. हमजाची कथा फारसीतून आली. होशरुबा मात्र लखनौच्या दास्तानगोंनी इथेच घडवली. तिच्या हत्यारांवरूनही ते कळते. तिथले जादूगार नारिंगे, नारळ आणि मंतरलेले उडीद फेकून लढतात. आमच्या शिरवळला अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी पोरे तिठ्यावरचा नारळ-लिंबाचा उतारा चुकवत शाळेला येतात. त्यांना होशरुबाची युद्धे समजावून सांगावी लागत नाहीत.

आता कायदा. तिलिस्म म्हणजे जादूगाराने रचलेला मुलूख. होशरुबाचे तीन भाग आहेत: जाहिर, बातिन आणि जुल्मात, म्हणजे दिसणारा, लपलेला आणि अंधाराचा. मध्ये वाहत्या रक्ताची नदी, तिच्यावर धुराचा पूल. बादशहा अफरासियाब जादू. पण हा मुलूख रचतानाच त्याचा शेवटही लिहून ठेवलेला असतो. तो कोण फोडणार, हे ठरलेले. इथे तो मान हमजाच्या नातवाचा, असदचा. फोडणाऱ्याच्या हाती लौह लागावी लागते. लौह म्हणजे पाटीच. पावलोपावली ती पाहायची, तिच्यावर उमटेल तसे वागायचे. न वाचता नुसत्या शौर्यावर पुढे गेला तो अडकला. तलवारबहाद्दरांच्या दास्तानीत खरी किल्ली वाचनाची ठेवली आहे, याचे आम्हा शिक्षकांना कौतुक वाटले तर वाचकांनी हसू नये.

दुसरे कलम असे की, जादू जादूगाराच्या श्वासाला बांधलेली. तो मेला की त्याने उभे केलेले सारे विरते. अंधार होतो, वादळ सुटते आणि आवाज येतो की मला मारले, माझे नाव अमुक जादू होते. अफरासियाबजवळ सामरीची किताब आहे. उघडली की कुठे काय चालले आहे ते सांगते. पण ती उघडावी लागते! बादशहा मद्याच्या मैफलीत रमलेला असतो आणि तेवढ्यात त्याचा एखादा सरदार बेशुद्ध होऊन पडतो. सर्वज्ञता हाताशी असून उशीर होतो, ही गंमत दास्तानगोंनी पुन्हा पुन्हा वापरली आहे, आणि ती दर वेळी साधते.

हा उशीर साधतो तो अमर ऐयार. याला जादू येत नाही. वेषांतर, बेशुद्धीची पूड, अख्खी शहरे मावतील अशी जंबील आणि अंगावर घेताच दिसेनासे करणारी गिलीम एवढ्यावर तो बादशाही हलवतो. जंबील-गिलीम या बुजुर्गांच्या देणग्या, त्याने केलेली जादू नव्हे. हॅरी पॉटरच्या जगात जादू बहुतेकांना जन्माने मिळते. इथे ज्याला ती येत नाही तोच तिला हरवतो. असद तर बराच काळ कैदेत, तिलिस्म हादरवतो तो हा लोभी, पैशापैशाला जपणारा माणूस.

“जादू हराम, मग तिच्या गोष्टी मुलांना कशाला?” असे पालक आम्हाला विचारतात. प्रश्न जुना आहे. डेप्युटी नजीर अहमद यांच्या ‘तौबतुन्नसूह’ (१८७४) मध्ये बाप मुलाची पुस्तके जाळतो. होशरुबाने आपल्यापरीने उत्तर दिले आहे: हमजा जादू करत नाही, त्याच्याकडे इस्म-ए-आजम आहे. पण उत्तर पुरे पडत नाही, हे आम्ही झाकणार नाही. बंड करून हमजाच्या बाजूला आलेली महरुख जादूनेच लढते. बहार जादू तर फुलांचा गुच्छ फेकते. समोरचे सैन्य वसंताने वेडे होते, शेर म्हणत स्वतःचा गळा कापून घेते. कायद्याच्या दृष्टीने ही फट आहे. पण दास्तानीतले सर्वांत सुंदर प्रसंग याच फटीतून आले आहेत. ती बुजवली असती तर उरला असता तो नुसता उपदेश.

आमची खरी तक्रार वेगळी आहे. बेशुद्ध करून गळा कापायचा, मग विचारायचे नाही, हा क्रम इतक्यांदा येतो की अमरच्या अकलेचेही अप्रूप राहत नाही. कमर यांच्या जिल्दींत युद्धे लांबतात, विनोद आटतो. जाह यांची भाषा चपळ, कमर यांना आकार मोठा करण्याची हौस.

कृष्णशास्त्री चिपळूणकरांमुळे अरबी सुरस गोष्टी मराठी घराघरांत गेल्या, त्याही इंग्रजीच्या वाटेने. होशरुबा उर्दूतून थेट यावी, आणि ज्यांच्या घरात दोन्ही भाषा आहेत त्यांनी ती आणावी. सातही जिल्दी नकोत. जाह यांची पहिली पुरे. ‘ऐयार’ हा शब्द मात्र तसाच ठेवावा. हेर, बहुरूपी, ठकसेन, तिन्ही आम्ही वर्गात वापरून पाहिले. एका पोराने विचारले, “सर, तो तिन्ही आहे, मग एकच नाव का नको?”