चार हात आणि एक साप

विल्यम हार्वेच्या पुस्तकात चित्रांचा दुष्काळ आहे. १६२८ साली फ्रँकफर्टला छापलेला, हृदय आणि रक्ताच्या गतीवरचा हा लॅटिन ग्रंथ. १७ प्रकरणं आणि चित्रं फक्त ४, तीही हाताची. हृदयाचं एकही नाही. मी तो रॉबर्ट विलिसच्या जुन्या इंग्रजी भाषांतरात वाचला, तेही गरज पडली म्हणून.

माझ्या मावसबहिणीला अकरावीच्या प्रयोगशाळेत ट्रेमधलं बोकडाचं हृदय बघून घेरी आली. घरी येऊन तिने जाहीर केलं, बायोलॉजी सोडणार. मावशीने मला गाठलं. "तू इंजिनियर ना? शिकव तिला घरी, काही न कापता." माझं स्वतःचं जीवशास्त्र दहावीलाच संपलेलं.

आधी आम्ही टॅबवर त्रिमितीतलं हृदय फिरवून बघितलं. दिसायला देखणं. पण तिसऱ्या दिवशी आमच्याकडे विचारायला काही उरलं नाही. झडप कुठे आहे ते कळतं, ती तिथे का असावी लागते ते कळत नाही. रक्ताच्या दिशेचे बाण आधीच काढून ठेवलेले असतात.

हार्वे ते बाण आपल्याला काढायला लावतो. नवव्या प्रकरणात तो चक्क हिशेब मांडतो. एका ठोक्याला अर्धा औंस रक्त बाहेर पडतं असं धरा, अर्ध्या तासात १००० ठोके धरा. झाले ५०० औंस, म्हणजे चौदा-पंधरा किलो. खाल्लेल्या अन्नापासून यकृत सतत नवं रक्त बनवतं आणि ते अवयवांत जिरून जातं, ही तेव्हाची समजूत. अर्ध्या तासात एवढं रक्त कुठून येणार? आकडे त्याने मुद्दाम कमी धरलेत, हे मला फार आवडलं. सर्व्हरवरच्या भाराचा अंदाज आम्हीही असाच तपासतो : कमीत कमी धरूनही गणित फसलं तर आराखडाच चुकलाय. बहिणीने आजचे आकडे घातले. ठोक्याला ७० मिलिलिटर, मिनिटाला ७२ ठोके. "पाच लिटर? म्हणजे अंगातलं जवळपास सगळं रक्त, एका मिनिटात?" तिने पुन्हा गुणून बघितलं.

मग तेराव्या प्रकरणातले हात. त्यासाठी आजीचा हात घेतला, कारण तिच्या शिरा वर दिसतात. दंडाला सैलसर पट्टी बांधली. नीला फुगल्या, मध्ये मध्ये गाठी दिसू लागल्या. त्याच झडपा. मनगटाकडे एका बोटाने शीर दाबून धरायची, दुसऱ्या बोटाने रक्त वरच्या झडपेपलीकडे सारायचं. मधला तुकडा रिकामा होतो आणि रिकामाच राहतो, वरून रक्त परत येत नाही. खालचं बोट उचललं की झरकन भरतो. "रक्त काढायला येते तिला सापडत नाही, तुम्हाला बरी सापडली," आजी म्हणाली.

इथे थांबलो असतो तर मावशीची अट पाळल्यासारखं झालं असतं. पण हे पुस्तक त्या अटीत बसत नाही. सुरुवातीची प्रकरणं जिवंत प्राणी उघडून केलेल्या निरीक्षणांची आहेत. दहाव्यात तो जिवंत सापाच्या हृदयाजवळची नीला चिमट्यात धरतो, हृदय रिकामं पडतं. रोहिणी धरतो, ते तट्ट फुगतं. हातांचा पुरावा पटतो तो या सापाच्या आधारावर. आणि रक्त रोहिणीतून नीलेत नेमकं जातं कसं, हे हार्वेला कधीच दिसलं नाही. केशवाहिन्या माल्पिगीने १६६१ साली सूक्ष्मदर्शकातून पाहिल्या, बेडकाच्या फुप्फुसात. हार्वे जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती.

"म्हणजे कापलंच कोणीतरी," बहीण म्हणाली. "आपण फक्त उशिरा आलो."

मला उत्तर सुचलं नाही. दहावं प्रकरण मी गाळणार होतो, पण ते तिने स्वतःच वाचून काढलं, एका बैठकीत. घेरी आली नाही. बोकडाच्या हृदयाचं मी अजून तिला विचारलेलं नाही.