पंप की सेमी-ऑटो: भोकरच्या आखाड्यावरचा प्रश्न

भोकर तालुक्यात एका आखाड्यावर बसले होते. हरभऱ्याला जागल चालू होती. माझी वही, प्रश्नांची यादी, सगळं बाहेर काढलेलं. पण पहिला प्रश्न मला विचारण्याआधी त्या काकांनीच मला विचारला, "मॅडम, तुम्ही कायद्याचं शिकता ना? मग सांगा, डुकरासाठी पंपाची बंदूक घेऊ का सेमी-ऑटोची?"

पुतण्यानं मोबाईलवर अमेरिकेतल्या शिकाऱ्यांचा वाद ऐकवला होता. टर्कीच्या शिकारीला कोणती बंदूक चांगली, हा तो वाद. माझा पीएचडीचा विषय पीकसंरक्षण आणि कायदा असा असल्यामुळे मला बंदुकांमधलं कळतं असा समज आहे. कळत नव्हतं. त्या दिवसापासून बरंच वाचलं आणि आज हा वाद तुमच्यासमोर उलगडून ठेवतेय, कारण तो चुकीच्या शेतात आलाय असं माझं मत झालंय.

आधी यंत्र समजून घ्या. दोन्ही बंदुका बारा बोअरच्याच आणि एकनळी असू शकतात. पंपमध्ये नळीखालची मूठ हातानं मागे ओढायची, रिकामं काडतूस बाहेर पडतं, मूठ पुढे ढकलली की नवं आत जातं. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये हेच काम बाराचा धक्का किंवा त्यातला वायू करतो, तुम्ही फक्त घोडा पुन्हा दाबायचा. ही दुसरी जात नवी नाही. जॉन ब्राउनिंगची ऑटो-५ बेल्जियममध्ये १९०२ पासून बनायला लागली. पंपवाल्यांची लाडकी रेमिंग्टन ८७० मात्र १९५० ची, म्हणजे वयानं धाकटी.

आता वाद. पंपवाले म्हणतात: स्वस्त, चिखल-धुळीत अडकत नाही, कसलंही काडतूस पचवते. सेमी-ऑटोवाले म्हणतात: धक्का कमी लागतो, दुसरा बार पटकन जातो, हात हलवावा लागत नाही. शेवटचा मुद्दा टर्कीच्या बाबतीत खरा आहे. टर्कीची नजर फार तीक्ष्ण. शिकारी झाडाला पाठ टेकून बसतो, मादीचा आवाज काढतो, आणि नर जवळ आला की डोकं-मानेवर एकच बार टाकतो. त्या वेळी हात हलला तर पाखरू गेलं.

पण नीट बघा, सगळा खेळ पहिल्या बारावर आहे. पंपचा हात हलतो तो पहिल्या बारानंतर! म्हणजे ज्या वेगावर इतकी शाई खर्च होते, तो वेग त्या शिकारीत क्वचितच कामाला येतो. धक्क्याचा मुद्दा मला जास्त प्रामाणिक वाटतो. टर्कीसाठीची काडतुसं जड असतात, आणि वायूवर चालणारी बंदूक तो धक्का थोडा पसरवून खांद्याला देते. ज्याचा खांदा दुखतो तो सरावच करत नाही, आणि नेम सरावाशिवाय येत नाही. एवढं एक सोडलं तर बाकीचा वाद आपल्याकडच्या बुलेट की पल्सर या वादासारखा, ज्याच्या दारात जी उभी तीच चांगली.

यात न बोललेली गोष्ट अशी की हा वाद घालणारा माणूस आधीच बऱ्याच गोष्टी मिळालेला माणूस आहे. त्याला हंगाम मिळालाय, परवाना मिळालाय, दुकानात दोन्ही बंदुका मांडलेल्या आहेत. १९३७ च्या कायद्यानुसार तिथं लांब बंदुका आणि काडतुसांवर ११ टक्के कर बसतो आणि तो पैसा राज्यांच्या वन्यजीव कामाला जातो. एके काळी जवळजवळ संपलेली टर्की परत वाढली त्यात त्या पैशाचाही वाटा आहे. तिथं शिकारी हा व्यवस्थेचा एक भाग आहे.

आपल्याकडं? टर्की आणि मोर एकाच कुळातले. लातूरच्या शिवारात टर्कीचा एखादा नातेवाईक शोधायचा तर तो मोर, आणि तोही पेरलेलं टिपतो. पण मोर अनुसूची १ मध्ये, त्यामुळे बंदुकीचा प्रश्नच संपला. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ९ नं शिकारच बंद केली. उरतं ते कलम ११: जनावर उभ्या पिकाला धोकादायक झालं असेल तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यानं अधिकार दिलेला अधिकारी कारणं लिहून लेखी परवानगी देऊ शकतो. रोही आणि रानडुक्कर या वाटेनं येतात. मारलेलं जनावर सरकारचं, तुमचं नाही. म्हणजे आपल्याकडं जो बार टाकतो तो शिकारी नसतोच. तो सरकारच्या कागदावर काम करणारा माणूस असतो.

आता बंदूक. इथं मी थोडी रेंगाळणार आहे, कारण माझ्या प्रबंधाचं एक प्रकरण या एकाच वाक्यावर उभं आहे. शस्त्र अधिनियम, १९५९, कलम १३, पोटकलम ३. परवाना अधिकाऱ्यानं (आपल्याकडं जिल्हाधिकाऱ्यानं) कोणाला परवाना द्यायचा ते तिथं सांगितलंय. संरक्षणासाठी किंवा खेळासाठी किमान २० इंच नळीची गुळगुळीत नळीची बंदूक. आणि खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी? ठासणीची बंदूक! वरून दारू ओतायची, गजानं ठासायची, छर्रे भरायचे, टोपी लावायची, मग बार. पुढं एक परंतुक आहे: ठासणीची पुरेशी नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देता येईल.

हे वाक्य परत वाचा. खेळासाठी बंदूक मागणाऱ्याला आधुनिक बंदूक सरळ मिळू शकते. पीक वाचवायला मागणाऱ्याला आधी ठासणी, आणि ती पुरत नाही हे पटवायचं ओझं त्याच्याच डोक्यावर. ठासणीचा मोठा आवाज कळप पळवायला बरा, हे मी मान्य करते. पण डुकरावर टाकायची तर एकच बार, आणि तो चुकीचा लागला तर जखमी डुक्कर ज्वारीत बसून राहतं. सकाळी कापणीला जाणाऱ्या बाईच्या पुढ्यात ते उठतं.

सेमी-ऑटो तर या यादीत येतच नाही. शस्त्र नियमांच्या अनुसूचीत ती वर्ग १ मध्ये, जिथं परवान्याची गोष्ट दिल्लीपर्यंत जाते. पंप मात्र साध्या परवान्यावर बसते. तिरुचिरापल्लीच्या सरकारी कारखान्यात ती बनतेही. तेव्हा काकांच्या प्रश्नाचं उत्तर दुकानात जायच्या आधीच दिलेलं होतं. आमच्या भाषेत याला निवडीचा संच म्हणतात: दोन वस्तूंची तुलना करण्याआधी यादी कोणी छाटली ते बघायचं. तुलना करणारे सगळे लेख छाटलेल्या यादीपासून सुरू होतात, आणि शेतकऱ्याचं भांडण छाटणाऱ्याशी असतं.

समजा परवाना मिळाला, परंतुक पटलं, दुनळी किंवा पंप घरात आली. मग निवडणूक येते. आचारसंहिता लागली की समिती परवान्यांची छाननी करते आणि अनेकांना बंदूक ठाण्यात जमा करावी लागते. विधानसभेची आचारसंहिता २०१९ मध्ये २१ सप्टेंबरला लागली, २०२४ मध्ये १५ ऑक्टोबरला, आणि मतदान २० नोव्हेंबरला. सोयाबीनची काढणी आणि हरभऱ्याची पेरणी आठवा. डुकरं शेतात आणि बंदूक ठाण्यात. निवडणुकीत शस्त्रं बाहेर नकोत हे मला पटतं, पण पीकसंरक्षणाच्या परवान्याचा वेगळा विचार त्या छाननीत व्हायला काय हरकत आहे?

आणि रात्रीचं शेत. टर्की दिवसा मारतात, नीट दिसत असताना. डुक्कर रात्री येतं, वासानं माणूस ओळखतं, कळपानं येतं. मांजरा काठच्या उसात दोन सऱ्यांपलीकडचं दिसत नाही. मोठ्या छर्ऱ्याचा भरवसा फार तर ३५-४० मीटरपर्यंत, पण छर्रा तिथं थांबत नाही, आणि पलीकडं दुसऱ्याचा आखाडा असतो, त्यावर कोणीतरी झोपलेलं असतं. अशा ठिकाणी पटकन जाणारा दुसरा बार म्हणजे पळणाऱ्या सावलीवर टाकलेला बार. सेमी-ऑटोचा जो गुण तिकडं मोजतात, तोच इथं मला सगळ्यात भीतीदायक वाटतो.

बंदूक नसली की काय होतं तेही सांगितलं पाहिजे. लाईटच्या तारेतून थेट करंट सोडतात, आणि त्यात डुकरापेक्षा माणूस सहज जातो, बहुतेक वेळा घरचाच. झटका मशीन वेगळं: ते थांबून थांबून ठरावीक धक्का देतं, जीव घेत नाही. वेल वाढून तारेला टेकली की मात्र ते ढिलं पडतं, म्हणून रोज फेरी मारावी लागते.

काकांना मी हे सगळं सांगितलं, अर्थात एवढं लांब नाही. त्यांनी विचारलं, "म्हणजे पंप मिळंल?" म्हटलं, मिळू शकते, पण अर्जात पिकाचं नुकसान, पंचनामे आणि ठासणी का पुरत नाही हे सगळं लिहा. त्यांच्याकडं पंचनाम्याचा एकही कागद नव्हता. दर वर्षी तोंडीच सांगत आलेले. मग आम्ही दोघांनी माझ्या वहीच्या मागच्या पानावर तारखा लिहायला घेतल्या. कोणत्या रात्री कोणत्या गटात किती सऱ्या गेल्या. तिसऱ्या ओळीवर असताना बांधाकडून आवाज आला आणि ते बॅटरी घेऊन उठले.