मेलेल्याला औषध

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा टेबलाभोवती बसून गोष्ट रचत खेळायचा अमेरिकन खेळ, १९७४ सालचा. भाचीमुळे त्याची नियमपुस्तकं माझ्या हाती आली. (कोणत्या वयात काय वाचायला लागेल, सांगता येत नाही!)

२००० च्या तिसऱ्या आवृत्तीत जखम भरणारा मंत्र चालत्या प्रेतावर टाकला, की त्याला उलट इजाच होते. जगवणारी शक्ती त्याला सोसत नाही. ही कल्पना मला फारच आवडली. मग काही खेळणारे म्हणतात, औषधाची बाटलीच फेकून मारू या! अहो, नियमाने ती प्यायची असते, अन् प्रेत काय आ वासून बसलंय? शिवाय ५० सोन्याच्या नाण्यांची बाटली तिथे फोडली, तर शेजारी रक्तबंबाळ पडलेल्या सोबत्याला काय पाजाल? खरी रंगत या पेचात.

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीत मात्र त्या मंत्राचा प्रेतावर काहीच परिणाम नाही. बरंही नाही, वाईटही नाही. आमच्यात औषधदानाला मोठं मानतात, तेव्हा औषधाचं हत्यार होणं थांबलं हे मला पटायला हवं होतं. नाही पटलं. सोबत्याला पाजायचं की शत्रूवर उधळायचं, हे ठरवायची वेळच आता कुणावर येत नाही.