दत्तक आणि दाता : परदेशी दत्तकविधानाच्या दोन कादंबऱ्या

१

'दत्तक' या शब्दात देण्याची क्रिया आहे. 'दा' धातूपासून सिद्ध झालेला हा शब्द घरात आलेल्या मुलाला 'दिला गेलेला' म्हणून ओळखतो. त्याच्यामागे कोणी देणारा उभा आहे, ही गोष्ट शब्दानेच गृहीत धरली आहे. इंग्रजीतील 'अ‍ॅडॉप्शन' हा शब्द ज्या लॅटिन क्रियापदावरून आला त्याचा अर्थ 'निवडणे' असा आहे. तेथे दृष्टी घेणाऱ्याची आहे. व्युत्पत्तीवरून समाजाची रीत ठरविणे धोक्याचे असते, हे खरे. तथापि परदेशातील मूल घरी आणण्याच्या तयारीत असलेले कुटुंब हा ज्या कादंबऱ्यांचा विषय आहे, त्या वाचताना हा दृष्टिभेद ध्यानात ठेवणे उपयोगाचे ठरते. अशा कादंबरीत घेणाऱ्याची तयारी तपशिलाने येते. प्रश्न उरतो तो देणाऱ्याचा.

आपल्या धर्मशास्त्राने या प्रश्नाचा विचार केला होता. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायातील दत्रिम पुत्राच्या लक्षणात माता किंवा पिता हे दाते आहेत आणि दान आपत्काली, उदकपूर्वक व्हावयाचे आहे. ही आपत्ती कोणाची, देणाऱ्याची की घेणाऱ्याची, याविषयी टीकाकारांत एकमत नाही. विज्ञानेश्वराने मिताक्षरेत तो निर्बंध दात्यावर मानला: संकट नसता मूल देऊ नये. उलट, घेणाऱ्याचे निपुत्रिकत्व हीच येथील आपत्ती, असाही अर्थ लावला गेला. वसिष्ठ धर्मसूत्रात घेणाऱ्याने आप्तांना बोलवावे, राजाला कळवावे आणि घराच्या मध्यभागी होम करून मूल स्वीकारावे, असा विधी आहे. म्हणजे तयारी तेथेही आहे. परंतु तिची परिणती दाता आणि प्रतिग्रहीता समोरासमोर येण्यात होते.

या परंपरेचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. तिचे प्रयोजन वंश, पिंड आणि वारसा हे होते. सामान्यतः दत्तक म्हणजे मुलगाच, आणि इ. स. १८४८ मध्ये सातारचे राज्य खालसा झाले तेव्हा मराठी माणसाने दत्तकाचा प्रश्न गादीचा प्रश्न म्हणूनच अनुभवला. मुलाला काय वाटते, हे कोणी विचारले नाही. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियमाने मुलगीही दत्तक घेता येईल असे ठरविले आणि होमाची अनिवार्यता काढून टाकली. मात्र प्रत्यक्ष देणे व घेणे ही अट त्यानेही राखली. वंशाचा आग्रह बाजूला ठेवला, तरी 'आपत्ती कोणाची' हा टीकाकारांचा प्रश्न शिल्लक राहतो; आणि प्रस्तुत दोन कादंबऱ्यांच्या परीक्षणाला तो फार नेमका लागू पडतो.

२

परदेशी दत्तकविधानाची आधुनिक रीत प्रामुख्याने कोरियन युद्धानंतर रूढ झाली. १९५५ मध्ये अमेरिकेतील ऑरेगन राज्याच्या होल्ट दांपत्याने आठ कोरियन मुले दत्तक घेतली, आणि पुढील दशकांत त्या देशातून फार मोठ्या संख्येने मुले अमेरिकेत व युरोपात गेली. या रीतीत दाता आणि प्रतिग्रहीता यांच्यामध्ये समुद्र आला. समोरासमोर घडणाऱ्या विधीची जागा कागदांनी घेतली: कुटुंबाच्या पाहणीचा अहवाल, मुलाचा वैद्यकीय अहवाल, एक छायाचित्र, एक क्रमांक.

भारतात १९८४ साली लक्ष्मीकांत पांडे यांच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने जो निर्णय दिला, तो या कागदांना शिस्त लावण्यासाठी होता. त्या काळी परदेशी दांपत्याला १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमाखाली येथे मुलाचे पालकत्व मिळवावे लागे आणि दत्तकविधान पुढे त्यांच्या देशात होई. न्यायालयाने कुटुंबाची पाहणी आवश्यक ठरविली; शिवाय मूल सोडणाऱ्या जन्मदात्यांना फेरविचारासाठी सुमारे तीन महिन्यांची मुदत असावी, असेही सुचविले. ही मुदत म्हणजे दात्याच्या आपत्तीची कायद्याने घेतलेली दखलच होय. १९९३ च्या हेग येथील आंतरराष्ट्रीय कराराला भारताने २००३ मध्ये मान्यता दिली, आणि आज ही प्रकरणे मुख्यतः २०१५ च्या बालन्याय अधिनियमाखाली चालतात. कायद्याच्या या वाटचालीत दात्याचे स्थान कागदावर तरी राहिले. साहित्यात ते कितपत राहिले, हे पाहावयाचे आहे.

३

अ‍ॅन टायलर यांची 'डिगिंग टू अमेरिका' ही कादंबरी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. तिचा आरंभ १५ ऑगस्ट १९९७ रोजी रात्री बाल्टिमोरच्या विमानतळावर होतो. कोरियाहून येणाऱ्या दोन तान्ह्या मुलींची दोन कुटुंबे वाट पाहत आहेत. ब्रॅड आणि बिट्सी डोनाल्डसन यांच्यासोबत गोतावळा आहे. छातीवर नात्यांचे बिल्ले आहेत, चित्रण करण्यासाठी यंत्रे सज्ज आहेत. मूळचे इराणी असलेले याझदान कुटुंब मागे, गर्दीच्या कडेला उभे आहे: सामी, त्याची पत्नी झीबा आणि सामीची आई मरियम. एका घराची तयारी समारंभाची आहे, दुसऱ्याची संकोचाची. आणि पुढील सारी कादंबरी या दोन तयाऱ्यांच्या परस्परसंबंधातून वाढते.

टायलर यांचे सामर्थ्य असे की, तयारी ही मुलाच्या आगमनाबरोबर संपत नाही, हे त्यांनी ओळखले आहे. बिट्सी मुलीचे जिन-हो हे कोरियन नाव कायम ठेवते आणि तिला कोरियन वेष चढविते. याझदान कुटुंब सूकीची सुझन करते. इराणी आणि अमेरिकन अशा दोन्ही कानांना रुचेल असे ते नाव आहे. दरवर्षी 'आगमनदिन' साजरा होतो, विमानतळावरील चित्रफीत पुन्हा लावली जाते. जन्माची जागा आगमनाने घेतली आहे, हे येथे भाष्यावाचून व्यक्त होते. आणि मूल मोठे होताच या तयारीतील विसंगतीही उघडी पडते: जिन-होला साधे 'जो' हे नाव हवे असते. तिच्यासाठी जपून ठेवलेली कोरिया ही तिची नसून तिच्या आईची आहे, हे लेखिकेने हलक्या विनोदाने पण निःसंदिग्धपणे दाखविले आहे.

याहून सूक्ष्म अशी दुसरी गोष्ट आहे. परकेपण मुलींच्या वाट्याला जाण्याऐवजी ते मरियमच्या व्यक्तिरेखेत एकवटते. तरुणपणी विवाहाच्या निमित्ताने इराण सोडून आलेली ही स्त्री अनेक वर्षांनंतरही अमेरिकेच्या उंबरठ्यावरच उभी आहे. मुलींना स्वीकारण्याची तयारी करणारी घरे मोठ्या माणसांना कितपत स्वीकारू शकतात, हा प्रश्न तिच्यामुळे उभा राहतो. या अर्थाने ही कादंबरी दत्तकाची कक्षा विस्तारते. ज्याला ज्याला दुसऱ्याच्या घरात जागा मिळवावी लागते तो प्रत्येक जण येथे काही अंशी दत्तकच आहे.

परंतु या विस्तारात एक व्यक्ती गळून पडली आहे. कोरियातील जन्मदात्रीला येथे पात्र म्हणून स्थान नाही. कौटुंबिक विनोदिकेने सर्वच माणसांना रंगमंचावर आणावे असे नाही, आणि लेखकाने जे लिहिले नाही त्याबद्दल त्याला दोष देणे ही समीक्षेची वाईट सवय आहे, असा आक्षेप येथे घेता येईल. आक्षेप सामान्यतः योग्य आहे. तथापि ज्या कादंबरीत नाव, केस, वेष आणि सण यांतून मुलीचे मूळ हाच वादाचा विषय झाला आहे, तिच्यात ते मूळ केवळ संस्कृतीच्या रूपाने यावे आणि एका स्त्रीच्या रूपाने येऊ नये, हा प्रश्न कृतीच्या बाहेरचा राहत नाही. बिट्सीला कोरिया हवी आहे; कोरियन आईचा विचार तिच्या उत्साहाला पेलणारा नाही. लेखिकेला तिच्या उत्साहातील हास्यास्पदता पूर्ण दिसते. त्या हास्यास्पदतेखालील पोकळी मात्र अर्धीच दिसते. शास्त्रकारांच्या परिभाषेत सांगावयाचे तर येथे आपत्ती केवळ घेणाऱ्याची आहे.

४

शिल्पी सोमय्या गौडा यांच्या 'सीक्रेट डॉटर' (२०१०) या कादंबरीची मांडणी याच्या उलट आहे. प्रकरणांच्या शिरोभागी स्थळ आणि वर्ष येते, आणि कथन डहाणू, मुंबई व कॅलिफोर्निया यांच्यामध्ये फिरत राहते. १९८४ साली डहाणूच्या परिसरातील एका खेड्यात कविता दुसऱ्या मुलीला जन्म देते. पहिली मुलगी नवऱ्याने जगू दिलेली नाही. कविता या मुलीचे नाव उषा ठेवते आणि बहिणीला सोबत घेऊन मुंबईचा अनाथाश्रम गाठते; निघताना चांदीचा वाळा मुलीपाशी ठेवते. त्याच सुमारास सॅन फ्रान्सिस्कोत सोमर ही बालरोगतज्ज्ञ डॉक्टर आपल्याला मूल होणार नाही या निदानाला सामोरी जात आहे. तिचा नवरा क्रिशनन मूळचा मुंबईचा. त्याच्या घराच्या साहाय्याने भारतातील मूल दत्तक घेण्याचे ठरते.

येथे दोन तयाऱ्या शेजारी शेजारी ठेवल्या आहेत, आणि कादंबरीचे खरे यश याच रचनेत आहे. सोमरची तयारी अर्जांची, मुलाखतींची आणि प्रतीक्षेची आहे; कविताची तयारी एका रात्रीची आणि एका प्रवासाची. दोघीही एकाच मुलीसाठी सिद्ध होत आहेत, एक घेण्यासाठी आणि एक देण्यासाठी, आणि दोघींना एकमेकींचे नावही ठाऊक नाही. वाचकाला मात्र दोघीही ठाऊक आहेत. वसिष्ठाच्या विधीत दाता आणि प्रतिग्रहीता घराच्या मध्यभागी भेटतात. येथे ती भेट केवळ वाचकाच्या मनात घडते. आश्रमाच्या नोंदीत उषाची आशा होते. एका अक्षराच्या या फरकाने कागद काय राखतो आणि काय गमावतो, हे जेवढे कळते तेवढे दीर्घ विवेचनाने कळले नसते.

सोमरच्या चित्रणातही प्रामाणिकपणा आहे. मूल घेण्यासाठी मुंबईत आलेली ही स्त्री नवऱ्याच्या घरात परकी ठरते. येणारे मूल नवऱ्यासारखे दिसेल, आपल्यासारखे नाही, ही जाणीव तिला बोचते. पुढे आशाला भारतापासून काहीसे दूर ठेवण्याची तिची वृत्ती याच भयातून येते. तिने सर्व गोष्टींची तयारी केली, परंतु मुलीला आधीच एक आई होती या वस्तुस्थितीची केली नाही. वीस वर्षांची आशा जेव्हा मुंबईला निघते, तेव्हा आईची ही राहून गेलेली तयारीच दोघींमध्ये उभी राहते.

चांदीच्या वाळ्यामुळे संस्कृत नाटकातील अभिज्ञानाची आठवण होणे स्वाभाविक आहे. शाकुंतलातील मुद्रिका ओळख पटविते आणि वियोग संपतो. गौडा यांनी खूण ठेवली, पण मायलेकींची समोरासमोर भेट घडवून आणली नाही. लोकप्रिय कादंबरीच्या दृष्टीने हा संयम मोठा आहे, आणि दत्तकविधानाच्या वास्तवाशी तो अधिक इमानदार आहे.

तथापि हा संयम सर्वत्र टिकलेला नाही. ज्या मुलासाठी मुलींचा बळी दिला तो विजय गुन्हेगारीच्या वाटेला लागतो, आणि दिलेली मुलगी शिकून मोठी होते. नियतीने हिशेब चुकता केल्याचा हा आभास वाचकाला समाधान देतो. परंतु त्यामुळे मुलगी टाकण्याचा अन्याय तिच्या कर्तृत्वावरून सिद्ध करावा लागतो, जणू ती सामान्य निघाली असती तर तो अन्याय कमी ठरला असता. दुसरा दोष स्थलचित्रणाचा. वारली वस्त्या, चिकूच्या बागा, मराठी व गुजरातीच्या सीमेवरची बोली यांनी घडलेला डहाणूचा प्रदेश कथेच्या घडणीत फारसा उतरत नाही. तो कोणत्याही दरिद्री खेड्यासारखा भासतो. परिणामी कविताचे दुःख जिवंत आहे, पण तिच्या आपत्तीची कारणे दारिद्र्य आणि नवऱ्याचा क्रूरपणा एवढ्यांतच आटोपतात. दात्याला चेहरा मिळाला. त्याचे जग अपुरे राहिले.

५

कलाकृती म्हणून तुलना केली तर टायलर यांची कादंबरी निःसंशय अधिक परिपक्व आहे. तिचे संवाद, तिचा विनोद, मरियमचे चित्रण यांच्या तोडीचे गौडा यांच्या कादंबरीत थोडेच आहे. आणि तरीही विषयाच्या गाभ्याला हात घालण्याचे काम सामान्य कसबाच्या कादंबरीने केले आहे. समीक्षेने या विरोधाकडे दुर्लक्ष करू नये. कसब दृष्टीला धार देते. कोणाकडे पाहावयाचे हा निर्णय मात्र त्याच्या आधीचा असतो.

हा निर्णय केवळ वाङ्मयीन नाही, हे गेल्या काही वर्षांतील घटनांनी स्पष्ट केले आहे. मार्च २०२५ मध्ये दक्षिण कोरियाच्या सत्यशोधन व समेट आयोगाने, परदेशी पाठविलेल्या मुलांच्या नोंदींत फेरफार झाले होते आणि जन्मदाते हयात असलेल्या मुलांनाही अनाथ दाखविले गेले होते, असा निष्कर्ष काढला. टायलर यांच्या कादंबरीत डोनाल्डसन कुटुंबाला दुसरी मुलगी ज्या चीनमधून मिळते, त्या चीनने २०२४ मध्ये, नातलगांचा अपवाद सोडून, परदेशी दत्तकविधान बंद केले. ज्या कागदांवर विसंबून हजारो कुटुंबांनी खोल्या रंगविल्या आणि नावे निवडली, त्यांतील कित्येक कागदांत देणाऱ्याला जाणूनबुजून पुसले गेले होते. त्या कुटुंबांचे प्रेम त्यामुळे खोटे ठरत नाही. मोठ्या झालेल्या मुलांना मात्र आपली जन्मकथा पहिल्या ओळीपासून शोधावी लागते, आणि तो शोध घेताना दत्तक आई-बाप आपल्यासोबत येतील की दुखावून दूर राहतील, हे त्यांना आधी ठाऊक नसते.

परदेशी दत्तकाच्या कथेला लावावयाची कसोटी यातूनच मिळते. घराने किती उत्सुकतेने वाट पाहिली, एवढ्यावर ती थांबू नये. त्या वाट पाहण्यात देणाऱ्या स्त्रीच्या आपत्तीला जागा होती काय, आणि नसल्यास ती नसल्याचे कृतीला भान आहे काय, हेही तपासले पाहिजे. मिताक्षराकाराने तो निर्बंध दात्यावर घातला, कारण त्याच्या काळी दाता समोर उभा होता. तो दिसेनासा झाल्यावर ती जबाबदारी घेणाऱ्यावर येते: आणावयाच्या मुलाबरोबर एक न पाहिलेली आईही आपल्या घराच्या इतिहासात येत आहे, हे ओळखण्याची. टायलर यांच्या घरांना हे ओळखावे लागले नाही. सोमरला ते उशिरा ओळखावे लागले. पुढील कादंबरीकाराला कामाचा आरंभ येथून करता येईल.