ध्वनीची उसनवारी : बेसवादकांची पेडलनिवड आणि प्रभावाचा प्रश्न

एका कलावंताचा दुसऱ्यावर झालेला प्रभाव दाखविताना समीक्षेत एक सोयीची वाट नेहमी धरली जाते. दोघांच्या हाती एकच साधन आढळले, की धाकट्याने ते थोरल्यापासून घेतले असे म्हणावयाचे आणि प्रभाव सिद्ध झाला असे मानून पुढे जावयाचे. पाश्चात्त्य लोकप्रिय संगीतातील बेस गिटारविषयी जे लेखन होते त्यात तर ही वाट राजमार्ग होऊन बसली आहे. कोणता वादक कोणती पेडले वापरतो याच्या याद्या तयार होतात, नवशिके त्या पाठ करतात आणि यादी म्हणजेच शैली असा समज रुजतो. हा समज कितपत टिकतो हे तपासून पाहण्याजोगे आहे.

पेडल म्हणजे वाद्य आणि ध्वनिवर्धक यांच्यामध्ये जोडलेली, पायाने चालू-बंद करता येणारी लहानशी पेटी. वाद्यातून निघालेल्या विद्युत्-संकेतावर ती काही संस्कार करते. 'फझ' स्वराला खरखरीत व दाट करते; 'वा-वा' पायाच्या हालचालीबरोबर स्वराची झाक पालटत नेते; 'कोरस' मूळ स्वरात त्याचेच किंचित ढळलेले रूप मिसळते; आणि 'एन्व्हलप फिल्टर' बोटाच्या आघाताचे बळ पाहून स्वर उघडतो वा मिटतो. बाजारात अशा पेट्या अगणित आहेत. त्यांतून वादक एखादी निवडतो तेव्हा बहुधा आधी कोणा दुसऱ्या बेसवादकाचा ध्वनी त्याच्या कानात बसलेला असतो. प्रश्न एवढाच, की त्या दुसऱ्याकडून नेमके काय घेतले जाते.

भाषाशास्त्रात उसनवारीचा विचार या प्रश्नाला उपयोगी पडण्यासारखा आहे. चार्ल्स हॉकेट यांनी १९५८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पाठ्यग्रंथात शब्द उसना घेण्यामागे दोन प्रेरणा सांगितल्या : प्रतिष्ठा आणि गरज. त्यापूर्वी १९५० साली आयनार हाउगेन यांनी उसनवारीच्या प्रक्रियेत दोन अंगे वेगळी केली होती : परभाषेतील रूप जसेच्या तसे आणणे ही आयात, आणि त्याच्या जागी आपल्या भाषेतील जवळचे रूप बसविणे हे प्रतिस्थापन. मराठीने 'टेबल' घेतले तेव्हा इंग्रजीतील वर्त्स्य स्पर्शाच्या जागी आपला मूर्धन्य 'ट' बसविला, शब्दाला नपुंसकलिंग दिले आणि त्याचे सामान्यरूपही केले. शब्द बाहेरचा, पण त्याला चालविणारे व्याकरण घरचे. पेडलच्या बाबतीतही पेटी उसनी असते. तिला चालविणारे व्याकरण कोणाचे, हे पाहिल्यावाचून प्रभावाविषयी काही बोलणे घाईचे ठरते.

बेसचे हे व्याकरण गिटारपेक्षा वेगळे आहे. चार तारांच्या बेसची सर्वांत खालची तार सुमारे ४१ हर्ट्झवर लावलेली असते, म्हणजे गिटारच्या खालच्या तारेच्या बरोबर एक सप्तक खाली. संगीतसमूहाचा पाया सांभाळणे हे तिचे पहिले कर्तव्य. गिटारसाठी रचलेली पुष्कळशी पेडले नेमका हा खालचा भाग दुबळा करतात. स्वर फाटला की वरचे उपस्वर पुढे येतात आणि मूळ स्वर मागे पडतो. म्हणून बेसवादकाने पेडल घेतले की त्याला लगेच दुसरा प्रश्न सोडवावा लागतो : नवा रंग आणताना पाया कसा राखावयाचा?

या प्रश्नाचा इतिहास फझइतकाच जुना आहे. १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या मार्टी रॉबिन्सच्या 'डोन्ट वरी' या गीतात ग्रेडी मार्टिनने सहा तारांच्या बेसवर वाजविलेला तुकडा ध्वनिमुद्रणयंत्रातील बिघाडामुळे खरखरीत उमटला. अभियंता ग्लेन स्नॉडी याने तोच परिणाम देणारे मंडल पुढे तयार केले आणि १९६२ साली 'माएस्ट्रो फझ-टोन' या नावाने ते बाजारात आले. गिटारचे म्हणून ओळखले जाणारे हे पेडल असे बेसच्या कुळातील वाद्यावरून जन्मले. १९६५ साली बीटल्सच्या 'थिंक फॉर युवरसेल्फ' या गीतात पॉल मॅकार्टनीने फझ-बेस वाजविला, परंतु त्याच्या जोडीला साधा बेसही मुद्रित केलेला आहे. फझ वर बोलतो आणि साधा स्वर खाली पाया धरून राहतो. ही दुहेरी रचना पुढच्या पिढ्यांना अनेक वेगवेगळ्या पेट्यांतून पुन्हा सापडत गेली, आणि पेडलपेक्षा ती रचनाच अधिक दूरवर पोचली असे म्हणावे लागते.

'येस' या समूहाचा ख्रिस स्क्वायर आणि 'रश'चा गेडी ली यांचा संबंध या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. स्क्वायरच्या रिकनबॅकर बेसमधून दोन स्वतंत्र संकेत काढता येत असत. त्यांतील तीव्र अंगाला धार देऊन खालचे अंग स्वच्छ ठेवणे शक्य होई. लीने स्क्वायरचा आदर्श उघडपणे मान्य केला आहे आणि प्रारंभीच्या काळात त्याने रिकनबॅकरच घेतला. ही आयात होय. पण पुढे त्याने स्टाइनबर्गर, वॉल, फेन्डर जॅझ अशी वाद्ये बदलली, आणि नंतरच्या काळात 'टेक २१' या संस्थेच्या 'सॅन्सॲम्प' या उपकरणाचा आधार घेतला. स्क्वायरची एकेक वस्तू गळून पडली; खाली भरीव आणि वर धारदार असा द्विदल स्वर मात्र राहिला. स्क्वायरचा प्रभाव लीवर सर्वांत खोल कोठे आहे असे विचारले, तर तो उपकरणे वेगळी झाल्यानंतरच्या वादनात आहे, असेच उत्तर द्यावे लागेल. यादी पाहणाऱ्याला हा प्रभाव दिसणारच नाही.

'वा-वा'ची परंपरा याहून निराळी आहे. 'ब्लॅक सबाथ'च्या १९७० सालच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेत गीझर बटलरने या पेडलसह एक छोटा एकल तुकडा वाजविला आहे. बटलरला आदर्श मानणाऱ्यांत 'मेटॅलिका'चा क्लिफ बर्टन होता. १९८३ सालच्या 'किल एम ऑल'मधील त्याच्या एकल वादनात 'वा-वा' आणि फझ एकत्र आले, आणि १९८४ सालच्या 'फॉर हूम द बेल टोल्स'च्या आरंभीचा त्याचा बेस आजही अनेक श्रोत्यांना गिटार वाटतो. बटलरकडून पेडल आले खरे, पण बर्टनने त्यावर निराळेच काम सोपविले : मुख्य गायकाप्रमाणे पुढे येऊन बोलण्याचे. १९८६ साली बर्टनचे अपघाती निधन झाले. २००३ पासून त्या समूहात असलेला रॉबर्ट ट्रुहियो ही गीते वाजविताना 'वा-वा' वापरतो तेव्हा त्या निवडीला वैयक्तिक प्रभाव म्हणणे पुरेसे नाही. तेथे पेडल हे गीताच्या संहितेचा भाग झालेले आहे. नाटकातील पात्राच्या वेशाप्रमाणे ते भूमिकेबरोबर येते. प्रभाव आणि वारसा यांतील हा भेद समीक्षेने राखावयास हवा.

बूट्सी कॉलिन्सचे उदाहरण सर्वांत बोधक आहे. १९७० च्या सुमारास जेम्स ब्राउनच्या समूहात त्याला मापाच्या पहिल्या मात्रेवर सर्व भार टाकण्याची शिस्त लागली. पुढे 'पार्लमेन्ट-फंकाडेलिक' आणि स्वतःचा 'रबर बँड' यांत त्याने 'म्यूट्रॉन ३' हा १९७२ साली निघालेला एन्व्हलप फिल्टर वापरला. 'वा-वा'चे नियंत्रण पायाकडे असते, तर या पेडलचे बोटाकडे. आघात जोरकस झाला की फिल्टर उघडतो, हलका झाला की अर्धवट राहतो. म्हणजे कॉलिन्सचा पहिल्या मात्रेवरचा भार आता नुसता ऐकू येईना, तर ध्वनीच्या रंगातही उमटू लागला. त्याची लय नसलेल्या हातात तीच पेटी निरर्थक गुळगुळ करते. 'रेड हॉट चिली पेपर्स'च्या फ्लीने १९९१ सालच्या 'सर सायको सेक्सी'मध्ये हा फिल्टर योजला तेव्हा त्याच्यामागे केवळ कॉलिन्सच्या मुद्रिका नव्हत्या. १९८५ साली त्या समूहाची ध्वनिमुद्रिका कॉलिन्सचा सहकारी जॉर्ज क्लिंटन यानेच निर्मिली होती. पेडलच्या आधी लय शिकून झालेली होती, म्हणून ही उसनवारी पचली.

'न्यू ऑर्डर'च्या पीटर हुकची गोष्ट उलट बाजूने हेच सांगते. आपला ध्वनिवर्धक हलक्या प्रतीचा आणि शेजारची गिटार मोठ्या आवाजाची, म्हणून स्वतःला ऐकू यावे यासाठी आपण वरच्या स्वरांत वाजवू लागलो, असे त्याने सांगितले आहे. त्या उंच सुरावटीवर त्याने 'क्लोन थिअरी' हे कोरस चढविले आणि एक नवा गायक स्वर निर्माण झाला. हुकच्या अनुयायाने ते कोरस घेऊन नेहमीच्या खालच्या तारांवर वाजविले, तर हाती येते ती केवळ थरथर. पाया डळमळतो आणि सुरावट तर नसतेच. येथे प्रतिष्ठेची प्रेरणा आहे, गरजेची नाही. हुकची गरज त्याच्या अडचणीतून आली होती, आणि ती अडचण अनुयायाजवळ नाही.

मराठी वाचकाला येथे घराण्यांची आठवण होणे स्वाभाविक आहे. वामन हरी देशपांडे यांनी 'घरंदाज गायकी' (१९६१) या ग्रंथात घराण्याच्या गायकीचा संबंध मूळ पुरुषाच्या आवाजाच्या धर्माशी जोडला. हुकची उंच सुरावट आणि कॉलिन्सचा पहिल्या मात्रेवरील भार हे अशा आवाजधर्माच्या जागीच आहेत. परंतु साम्य येथे संपते. घराण्यातील शिष्य गुरूसमोर बसतो. त्याच्या चुका तेथल्या तेथे दुरुस्त होतात, आणि गुरूचे कोणते लकब घ्यावयाचे नाही हेही त्याला कळते. बेसवादकाचा गुरू बहुधा ध्वनिमुद्रिकेत असतो आणि मुद्रिका शिष्याचे कधी ऐकत नाही. या रिकाम्या जागेत यादी येऊन बसते. व्यापारालाही ते सोयीचे असते : लीच्या आणि बर्टनच्या नावाने पेडले विकली जातात, कारण नाव पेटीवर छापता येते, बोट छापता येत नाही.

यावर एक आक्षेप संभवतो. सारे श्रेय हाताला दिले तर पेडलची निवड गौण ठरते आणि मग कोणतीही पेटी चालावी. हे खरे नव्हे. उसना शब्द भाषेला पूर्वी सहज न करता येणारा अर्थभेद करू देतो, तसे नवे पेडल वादकाला स्वतःच्या वादनातील एखादी सुप्त शक्यता ऐकू आणून देते. म्यूट्रॉनवाचून कॉलिन्सचा आघात बलवान राहिला असता, पण त्याला तो रंग लाभला नसता. साधनाचे महत्त्व आहे ते असे : ते वादकाजवळ असलेल्या गुणाला वाचा देते. नसलेला गुण मात्र ते उसना आणू शकत नाही.

तेव्हा बेसवादकांवरील प्रभावाचा अभ्यास करणाऱ्याने पेडलची नावे टिपून थांबू नये. मूळ वादकाने ती पेटी कोणत्या अडचणीवर योजली, तिने पाया राखला की सोडला, आणि घेणाऱ्याने तिच्यावर तेच काम सोपविले की दुसरे, हे तीन प्रश्न त्याने प्रत्येक उदाहरणाला विचारावेत. त्यांची उत्तरे यादीत मिळत नाहीत; त्यासाठी दोन्ही मुद्रिका शेजारी ठेवून, पुन्हा पुन्हा ऐकाव्या लागतात. हे काम वेळखाऊ आहे. तथापि ते टाळले, तर ज्याने सर्वाधिक पेट्या जमविल्या तोच सर्वाधिक प्रभावित ठरेल, आणि स्क्वायरची एकही वस्तू हाती न ठेवता त्याचा धडा जन्मभर गिरविणारा ली या हिशेबातून निसटून जाईल.