‘नाइस’ पुस्तक, भारी पुस्तक

फोटो असो, कविता असो की कुणाच्या घरचा नवा सोफा, खाली काय लिहावं ते सुचलं नाही की आपण ‘नाइस’ लिहून मोकळे होतो. इतका गुळगुळीत झालेला शब्द शोधून सापडणार नाही. पण त्याचा इतिहास चांगलाच खडबडीत आहे. लॅटिनमधला ‘नेस्कियस’ म्हणजे अजाण, ज्याला काही कळत नाही असा. तो फ्रेंचमधून इंग्रजीत आला तेराव्या शतकाच्या सुमारास, आणि तेव्हा ‘नाइस’ माणूस म्हणजे मूर्ख माणूस. पुढे त्याच शब्दाला भित्रा, नाजूक, चोखंदळ, काटेकोर असे अर्थ चिकटत गेले. आपला ‘छान’वाला अर्थ रुळला तो अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. शिवीची शाबासकी व्हायला पाचेकशे वर्षं लागली.

या शब्दावरून इंग्रजी कादंबरीत एक प्रसिद्ध वाद झाला आहे. जेन ऑस्टिनची ‘नॉर्दँगर ॲबी’ लिहून झाली अठराव्या शतकाच्या अखेरीस, 1803 साली एका प्रकाशकाने ती दहा पौंडांना विकत घेतली आणि तशीच ठेवून दिली. बाहेर आली ती ऑस्टिनच्या मृत्यूनंतर, 1817च्या डिसेंबरात. तिची नायिका कॅथरिन मोर्लंड सतरा वर्षांची आहे आणि ॲन रॅडक्लिफच्या ‘द मिस्टरीज ऑफ युडॉल्फो’ या भयकादंबरीने पार झपाटलेली आहे. बाथ शहराजवळच्या बीचन क्लिफवर ती हेन्री टिलनी आणि त्याची बहीण एलिनर यांच्याबरोबर फिरायला जाते आणि बोलता बोलता म्हणून जाते की युडॉल्फो हे जगातलं सगळ्यात ‘नाइस’ पुस्तक आहे.

हेन्री लगेच चिमटा काढतो. नाइस म्हणजे नेटकं म्हणायचं असेल, तर ते बांधणीवर अवलंबून. मग तो दिवसाला, फेरफटक्याला, दोघी मुलींना, सगळ्यालाच तो शब्द लावून दाखवतो आणि ऐकवतो की पूर्वी याला नेमका अर्थ होता, आता कुठल्याही विषयावरच्या कुठल्याही कौतुकाला हा एकच शब्द पुरतो.

शब्दांच्या गमतीजमती सांगणारे लेख बहुधा इथेच थांबतात. हेन्री बरोबर, कॅथरिन बावळट, हशा. मला हे वाचन अर्धवट वाटतं, कारण प्रसंगातला शेवटचा टोला हेन्रीचा नाही, एलिनरचा आहे. ती आधी कॅथरिनला सावध करते की शब्द बदल, नाहीतर वाटभर जॉन्सन आणि ब्लेअर ऐकावे लागतील. हा जॉन्सन म्हणजे 1755च्या गाजलेल्या शब्दकोशाचा कर्ता. आणि मग भावाला सुनावते की हा शब्द खरा तुलाच लागू पडतो, तोही कौतुक म्हणून नाही. तू शहाणा कमी आणि ‘नाइस’ जास्त. इथे तिने वापरलेला अर्थ जुना आहे: फाजील चोखंदळ, किरकिऱ्या. हेन्रीला जो नेमकेपणा हवा होता, तो एलिनरने काटेकोर वापरून त्याच्याच माथी मारला. आणि गंमत अशी की हेन्रीचं ‘पूर्वी’ फारसं मागे जात नाही. त्याला नेटकेपणा आठवतो. त्याआधीचा मूर्खपणा त्याच्या गावीही नाही.

मराठीत हा प्रसंग आणायचा झाला तर? ‘छान’ने काम भागणार नाही, त्यात विनोदाला जागाच नाही. ‘मस्त’ चालेल, मूळ फारसी अर्थ धुंद, नशेतला, तेव्हा पुस्तक काय पिऊन आलंय का, असं हेन्री विचारू शकेल. माझी पसंती ‘भारी’ला. जगातलं सगळ्यात भारी पुस्तक! वजनाला म्हणताय? मग ते बांधणीवर अवलंबून. मूळ विनोद बांधणीसकट हातात येतो. पण एलिनरपाशी गाडी अडते. ‘भारी’त महाग आहे, वरचढ आहे, ‘मोठा आला भारी’ हा टोमणाही आहे, पण चोखंदळपणा नाही. म्हणजे हेन्री मराठीत येतो आणि एलिनर सीमेवर अडकते. लेखिकेचं माप तर तिच्याच वाक्यात आहे.

हेन्रीवर अन्याय नको. मोघम शब्दांमागे काय काय लपतं याची ऑस्टिनला पुरेपूर जाण आहे. कॅथरिनची बाथमधली मैत्रीण इझाबेला थॉर्प तोंड उघडलं की अतिशयोक्ती करते, आणि तिच्या प्रेमाचं सोनं जरा घासलं की पितळ निघतं. कॅथरिनच्या बोलण्यात तिची लकब उतरलेली दिसते. पण एकच ढिसाळ भाषा दोघींच्या तोंडी असूनही एक खोटी आहे आणि दुसरी नाही, हे शब्दकोशातून कळण्यासारखं नाही. कॅथरिनला पुस्तक मनापासून आवडलंय. हेन्रीलाही आवडलं होतं! काटा आणणारी ती कादंबरी आपण दोन दिवसांत संपवली, हे त्याने याच फेरफटक्यात कबूल केलंय.

त्याचे वडील जनरल टिलनी यांच्या अदबीत बोट ठेवायला जागा नसते, तरी कॅथरिनला त्यांच्यासमोर गुदमरतं. का, ते तिला सांगता येत नाही. तिने रचलेली खुनाची कल्पना चुकीची ठरते. पण ती श्रीमंत वारसदार नाही हे कळताच हेच जनरल तिला भल्या सकाळी घराबाहेर काढतात, सत्तर मैलांच्या प्रवासाला, एकटीला.

त्याच्या थोडं आधी तिला इझाबेलाचं पत्र आलेलं असतं, लाडिगोडीने ओथंबलेलं. सुरुवातीच्या कॅथरिनने ते ‘नाइस’ म्हणून उशाशी ठेवलं असतं. आता तिला त्यातली विसंगती ओळीओळीत दिसते. हेन्री घरी येतो तेव्हा ती संतापून त्यातले मुद्द्याचे भाग मोठ्याने वाचून दाखवते. शब्दाशब्दाचा कीस काढणारा हेन्री या वेळी ऐकून घेतो.